जेकब ब्रोनोव्स्की : तळ्याकांठचें प्रवचन

विज्ञान सोपें करून सांगणारे वक्ते पुष्कळ. पण तें सांगतां सांगतां स्वतःचें मन उघडें करणारा वक्ता विरळा. जेकब ब्रोनोव्स्की हे अशा विरळांपैकीं होत. १९७३ सालीं बी. बी. सी.नें दाखविलेली ‘द अ‍ॅसेंट ऑफ मॅन’ ही तेरा भागांची दूरचित्रवाणी-मालिका म्हणजे त्यांच्या आयुष्याचें अखेरचें मोठें कार्य; पुढच्याच वर्षीं ते निवर्तले. मालिकेची थोरवी मला मान्य आहे. परंतु तिच्या अकराव्या भागाविषयीं एक शंका मनांतून जात नाहीं. तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

ब्रोनोव्स्की १९०८ सालीं पोलंडांत एका ज्यू कुटुंबांत जन्मले, १९२० सालीं इंग्लंडांत आले व केंब्रिजला गणित शिकले. महायुद्ध चालू असतांनाच त्यांनीं कवि ब्लेकवर ग्रंथ लिहिला. काव्य आणि गणित हीं एकाच प्रतिभेचीं रूपें, ही त्यांची श्रद्धा मालिकाभर जाणवते.

अकराव्या भागाची रचना आपल्या कीर्तनासारखी आहे. पूर्वरंगांत सिद्धान्त : एका वृद्धाचा चेहरा अंध स्त्री बोटांनीं चांचपते, चित्रकार रेखाटतो, क्ष-किरण भेदतात, तरी तो पूर्णपणें कोणालाच गवसत नाहीं. मानवी ज्ञान हें नेहमींच अपुरें असतें, म्हणून ज्ञात्याच्या अंगीं सहिष्णुता हवी. उत्तररंगांत ऑशविट्झचें आख्यान. ब्रोनोव्स्कींचे अनेक आप्त तेथें मारले गेले. ज्या तळ्यांत मृतांची राख टाकली गेली त्यांत ते बुटांसकट उतरतात व ओंजळभर चिखल उचलतात. माणसांचे आंकडे झाले ते येथें, आणि ते विज्ञानानें नव्हे तर निश्चितीच्या अहंकारानें केले, असें ते बजावतात.

शंका उद्भवते ती येथेंच. याच गृहस्थांनीं युद्धकाळांत ब्रिटिश सरकारसाठीं बाँबहल्ल्यांच्या परिणामांचीं गणितें केलीं होतीं. माणसांचे आंकडे करणें त्यांनाहि अपरिचित नव्हतें. त्यांच्या कन्या, इतिहासकार लिसा जार्डीन यांनीं २०११ सालीं बी. बी. सी.च्याच एका अनुबोधपटांत या कार्याचा शोध घेतला. मग तळ्याकांठचें तें प्रवचन दांभिक ठरतें काय?

मला तसें वाटत नाहीं. १९४५ च्या अखेरीस ब्रोनोव्स्कींनीं नागासाकीचा विध्वंस प्रत्यक्ष पाहिला, आणि विज्ञान व मानवी मूल्यें यांवरील त्यांच्या पुस्तकाचा आरंभच त्या दर्शनानें होतो. मात्र विज्ञानाला त्यांनीं फार सहज निर्दोष ठरविलें, हा आक्षेप उरतोच. नम्र संशयाच्या उपासकाच्या हातूनहि संहाराचें गणित घडतें, ही कबुली त्या तळ्याकांठीं आली असती तर आख्यान अधिक खरें झालें असतें.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनें सांगितलीच पाहिजे. मृतांचा जो चाळीस लक्षांचा आंकडा त्यांनीं तेथें सांगितला, तो पुढील संशोधनानें सुमारें अकरा लक्षांवर आला. त्यायोगें पातकाचें भयानकत्व तिळमात्र कमी होत नाहीं. उलट, आपलें ज्ञान सदैव दुरुस्तीस पात्र असतें हा त्यांचाच सिद्धान्त त्यांच्या शब्दांनाहि लागू पडतो. शिष्यानें गुरूची चूक सुधारावी, हीच अशा गुरूची खरी पूजा होय.