जुळणारे नंबर, पुसलेला इतिहास

जुन्या लष्करी रायफलींचे शौकीन पहिल्यांदा विचारतात, ‘नंबर जुळतात का?’ ली-एनफील्डच्या बोल्टवर आणि नळीवर एकच क्रमांक असला, की ती अस्सल. नसला, की त्याच काळाचे, त्याच कारखान्याचे भाग हुडकून बसवायचे. मला ही दुरुस्ती कमी, खाडाखोड जास्त वाटते.

फौजेतली रायफल कारखान्यातून निघाली तशी राहतच नाही. झिजलेला बोल्ट बदलतात, जुना क्रमांक खोडून नवा ठोकतात. लाकूड चिरू नये म्हणून इकडच्या दुरुस्तीत आडवा स्क्रू बसे. ‘ईशापूर स्क्रू’ म्हणतात तो हाच.

आपल्या हैदराबादेत तर हे फार महत्त्वाचं. 1948 साली सिडनी कॉटनने कराचीहून विमानांनी निजामाला शस्त्रं पोचवली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. त्या काळातली बंदूक कुठल्या हातांतून गेली, हे सांगणारे कागद नसले तर बेमेळ भागच साक्षीदार.

गोळी झाडायची तर बोल्ट-नळीचा मेळ हवाच, नाहीतर जिवाशी खेळ. पण काचेआडच्या बंदुकीला तो नियम कशाला? गंज थांबवा, तेल लावा. आणि भाग बदललाच, तर जुना चिठ्ठी बांधून जपून ठेवा.