'एर्स्ट' म्हणजे 'आधी' नव्हे: जर्मन क्रियाविशेषणं आणि आपली इंग्रजीची कुबडी

बिद्रीत, दूधगंगा-वेदगंगा कारखान्याच्या आसपास वाढलेल्या माणसानं साखरेवर संशोधन करायचं ठरवलं तर त्यात नवल नाही. नवल वाटलं ते जुने जर्मन लेख वाचायची वेळ आली तेव्हा. बीटातली साखर उसातल्या साखरेसारखीच असते, हे मार्ग्राफनं बर्लिनमध्ये 1747 साली दाखवलं. तेव्हापासून या विषयावर जर्मनमध्ये भरपूर लिहिलं गेलंय.

वाचताना माझी पहिली ठोकर एका क्रियाविशेषणाला लागली. 'डी क्रिस्टालिझात्सिओन बेगिन्ट एर्स्ट बाइम आब्क्यूलेन' अशा धर्तीचं वाक्य होतं. 'एर्स्ट' म्हणजे इंग्रजीतलं 'फर्स्ट' असणार, असं धरून मी टिपणात लिहिलं: 'थंड करताना आधी स्फटिकीकरण सुरू होतं.' खरा अर्थ होता, 'थंड होऊ लागल्यावरच सुरू होतं', म्हणजे त्याआधी नाही. एका शब्दानं निष्कर्षच फिरला. मार्गदर्शकांनी पकडलं म्हणून बरं.

माझी तक्रार आपल्या शिकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आपण जर्मन शिकतो ते बहुधा इंग्रजीतून. 'एर्स्ट' आणि 'नूर' या दोन्हींपुढे वहीत 'ओन्ली' लिहितो आणि पुढे जातो. मराठीत मात्र हा फरक आधीच आहे. 'इश हाबे एर्स्ट द्राय झाइटेन गेलेझेन' म्हणजे 'आत्ता कुठे तीन पानं झालीत', अजून वाचायचंय. 'एर्स्ट'च्या जागी 'नूर' घाला: 'फक्त तीनच पानं वाचली', विषय संपला.

'टेकामोलो' या प्रसिद्ध सूत्राचंही तसंच. काळ, कारण, रीत, स्थळ असा क्रम. पाठ करताना घाम फुटतो, कारण इंग्रजीत स्थळ सहसा काळाच्या आधी येतं. पण 'मी उद्या परीक्षेसाठी एसटीनं कोल्हापूरला जाणार आहे' हे वाक्य बघा. तोच क्रम, न शिकता!

इंग्रजीतल्या '-ली' प्रत्ययाचीही गरज नाही. 'गाणं छान आहे' आणि 'ती छान गाते', दोन्हीकडे 'छान'च. जर्मन 'श्योन'ही या दोन्ही जागी तसाच राहतो. नामाआधी आला की मात्र त्याला प्रत्यय लागतो: 'आइन श्योनेस लीट'.

मात्र मराठीवरही आंधळा भरवसा नको. 'उद्या मी जातो' वरून आपण 'मॉर्गेन इश फारे' म्हणतो आणि चुकतो. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी हवं: 'मॉर्गेन फारे इश'. 'गेर्न'ही असंच अडवतं. आपण 'मला वाचायला आवडतं' म्हणतो, जर्मन माणूस 'इश लेझे गेर्न' म्हणतो. आपलं क्रियापद तिथे क्रियाविशेषण झालेलं असतं. आणि 'टेकामोलो' हा कायदा नव्हे, नेहमीचा कल आहे. ज्यावर भर द्यायचा तो भाग जागा बदलतो.

तेव्हा संशोधनासाठी जर्मन शिकणाऱ्यांनी एक करून बघावं. 'एर्स्ट', 'शोन', 'नॉख', 'नूर' यांच्यापुढे इंग्रजी शब्द लिहू नका, अख्खं मराठी वाक्य लिहा. 'शोन'साठी 'झालं पण?', 'नॉख'साठी 'अजून चालूच आहे'. संज्ञा चुकली तर शब्दकोश सापडवून देतो. 'एर्स्ट' चुकला तर वाक्य तरीही बरोबरच वाटत राहतं, आणि चूक थेट प्रबंधात जाऊन बसते.