'लीळाचरित्र': एका वाक्यात किती जण बोलतात?

मंडळी, अस्सल साधनांचा विषय निघाला की आपल्याला आधी लंडनचे दप्तरखाने आठवतात. इथे प्रताप नगरात बसून आम्ही म्हणतो, आधी आपल्या विदर्भाचंच 'लीळाचरित्र' नीट वाचू. यादवकाळातलं खाणंपिणं, कपडे, वाटा, जातीपातीचे व्यवहार यांवर लिहिताना आपण सगळे त्याच्याकडे धावतो. एक वाक्य उचलतो आणि ठोकून देतो, 'तेराव्या शतकात असं होतं.' आमची हरकत इथेच आहे.

हा ग्रंथ झाला कसा? म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासातली माणसं गाठली, त्यांच्या आठवणी विचारल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. म्हणजे म्हाइंभट स्वतःच साधनं जमवणारे संशोधक! पुढे मूळ पोथी परचक्रात गेली, असं परंपरा सांगते. मग अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा लिहिली, आणि त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले. पोथ्यांच्या नकला झाल्या, त्याही पुष्कळदा सांकेतिक लिपीत.

आता मोजा. पाहणारा, विचारून लिहिणारा, आठवणारा, नकलणारा आणि शेवटी संपादक. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्या म्हणजे एकाच पुस्तकाची तीन मुखपृष्ठं नव्हेत. कोलत्यांची १९७८ची आवृत्ती हाताशी आहे म्हणून बाकीच्या पाहायच्याच नाहीत, हा आळस झाला.

मग ग्रंथ निकामी ठरतो का? मुळीच नाही. लीळा सांगणाऱ्याला स्वामींचं थोरपण दाखवायचं असतं. वाटेत येणारं भांडं किंवा पदार्थ बदलण्यात त्याला काही मिळवायचं नसतं. असे सहज आलेले तपशील जास्त भरवशाचे. पण तिथेही जुना शब्द काढून नकलकाराने ओळखीचा घातला असेल, ही शंका ठेवायचीच.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. उतारा देताना लीळेचं नाव, एकांक की पूर्वार्ध की उत्तरार्ध, आणि आवृत्ती लिहा. दुसरी आवृत्ती उघडून पाठ ताडा. यादवांचा शिलालेख किंवा ताम्रपट जोडीला मिळतो का, बघा. कोण कुणाच्या पंक्तीला बसत होतं, यावर आजही भांडणं होतात. ती एका न तपासलेल्या वाक्यावर मिटवायची नसतात, अन् पेटवायची तर त्याहून नाही.