परवाना, नाव आणि खेळाडू : बास्केटबॉल व क्रिकेटवरील व्हिडिओ गेमचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मैदानी खेळांवर आधारित व्हिडिओ गेमची समीक्षा बहुधा चित्रांची सफाई, हालचालींचा अस्सलपणा आणि खेळण्यातील रंजकता या निकषांवर केली जाते. त्या गेममध्ये कोणत्या खेळाडूंची नावे आहेत आणि ती कोणाच्या परवानगीने आली आहेत, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. वास्तविक खेळाडूंची यादी हाच अशा गेमचा कणा असतो. म्हणून परवान्याचा विचार हा समीक्षेचाही विषय ठरतो. हिंजवडी ते कासारसाई या मुळशीच्या पट्ट्यातील महाविद्यालयीन युवकांपैकी काही जण उद्या असे गेम घडवतील, तर काही जण प्रत्यक्ष मैदानावर उतरतील. या दोन्ही बाजूंनी प्रस्तुत प्रश्न आपल्या जवळचा आहे.

बास्केटबॉल मालिकांचा अनुभव

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेवर दोन प्रमुख गेम मालिका निघाल्या. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची ‘एनबीए लाइव्ह’ १९९४ मध्ये सुरू झाली. ‘एनबीए २के’ १९९९ मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रासाठी प्रथम आली आणि तिची निर्माती संस्था २००५ मध्ये टेक-टू कंपनीकडे गेली. अशा गेमसाठी दोन प्रकारचे हक्क लागतात. संघांची नावे, बोधचिन्हे व गणवेश यांचे हक्क लीगकडे असतात. खेळाडूंची नावे व चेहरे मात्र त्यांच्या संघटनेच्या सामूहिक परवान्यातून मिळतात. सहा किंवा अधिक खेळाडूंचा एकत्रित वापर करावयाचा असल्यास हा सामूहिक परवाना आवश्यक ठरतो. त्यामुळे नामवंत खेळाडूबरोबर राखीव बाकावर बसणाराही आपल्या नावानिशी गेममध्ये येतो.

या व्यवस्थेबाहेर राहण्याची मुभा व्यक्तीला असते. मायकेल जॉर्डन सामूहिक परवान्यातून बाहेर पडले होते, त्यामुळे १९९३ च्या ‘एनबीए जॅम’ या अत्यंत लोकप्रिय गेममध्ये ते नव्हते. पुढे २०१० मध्ये स्वतंत्र कराराने ते ‘एनबीए २के११’ च्या मुखपृष्ठावर आले. जॉर्डन यांच्या योग्यतेच्या खेळाडूला एकट्याने वाटाघाट करणे शक्य होते. सामान्य खेळाडूला ते शक्य नसते.

याची दुसरी बाजू महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये दिसते. तेथील खेळाडूंना संघटना नव्हती, आणि गेममध्ये त्यांची नावेही नव्हती. तथापि अंगकाठी, गणवेशाचा क्रमांक व खेळण्याची लकब त्यांचीच होती. एड ओबॅनन या माजी खेळाडूला अशा गेममध्ये आपलीच प्रतिमा आढळली आणि २००९ मध्ये त्याने दावा दाखल केला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स व परवाने देणाऱ्या कंपनीने पुढे चार कोटी डॉलरची तडजोड केली. नाव वगळल्याने व्यक्ती वगळली जात नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

पुण्यातील क्रिकेट गेम

हा निष्कर्ष आपल्याकडील क्रिकेट गेमना लावून पाहणे उद्बोधक ठरते. २००६ मध्ये आलेल्या ‘क्रिकेट ०७’ मध्ये ॲशेस मालिकेचा परवाना असल्याने इंग्लंड व ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खऱ्या नावांनी होते. भारतीय खेळाडूंची नावे मात्र बदललेली होती. पुण्यातील नॉटिलस मोबाइलच्या ‘रिअल क्रिकेट’ मालिकेसमोरही हीच अडचण होती. ‘रिअल क्रिकेट २०’ मध्ये संजय मांजरेकर, आकाश चोप्रा व विवेक राझदान यांचे समालोचन होते. ज्यांच्या खेळाचे हे समालोचन, त्या भारतीय खेळाडूंना मात्र स्वतःचे नाव नव्हते. आवाज अस्सल आणि खेळाडू टोपणनावाचे, अशी ही विसंगती होती. पुढे ‘रिअल क्रिकेट २४’ साठी क्रिकेटपटूंच्या जागतिक महासंघाशी संलग्न संस्थेशी करार होऊन अडीचशेहून अधिक परदेशी खेळाडूंची नावे मिळाली. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने नॉटिलसवर नियंत्रण मिळवले.

पुण्याच्याच जेटसिंथेसिसने २०१७ मध्ये ‘सचिन सागा’ आणून वेगळा मार्ग स्वीकारला. येथे परवाना एकाच महान खेळाडूचा आहे आणि खेळणारा त्याच्याच कारकिर्दीतून प्रवास करतो. आदरांजली म्हणून ही कल्पना योग्य आहे. परंतु क्रिकेट हा अकरा जणांचा खेळ आहे. दुसऱ्या टोकाला उभा राहून धाव काढणारा जोडीदार या रचनेत केवळ पूरक आकृती ठरतो. ही उणीव तंत्रज्ञांच्या कौशल्यातील नसून हक्कांच्या रचनेतील आहे.

कायदा व संघटन

भारतात व्यक्तिप्रसिद्धीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही. हा हक्क व्यक्तीचा असून स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचा नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ऑनलाइन फँटसी खेळाच्या एका प्रकरणात, सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली खेळाडूंची नावे व आकडेवारी वापरण्यास मनाई करण्याचे नाकारले. म्हणजे हक्क व्यक्तीचा खरा, परंतु त्याच्या मर्यादा अजून न्यायनिर्णयांतूनच आखल्या जात आहेत. अशा वेळी सामूहिक वाटाघाटीचे महत्त्व वाढते. २०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने परवाना देणारी, बास्केटबॉलपटूंच्या संघटनेसारखी यंत्रणा आपल्याकडे नाही. परिणामी निर्मात्याला मंडळ, आयपीएलचे संघ व वैयक्तिक खेळाडू अशी निरनिराळी दारे ठोठवावी लागतात. त्यात प्रसिद्ध खेळाडूला मोल मिळते आणि रणजी स्पर्धेत वर्षानुवर्षे खेळणारा बाजूला राहतो.

समारोप

सामूहिक परवाना म्हणजे सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. अमेरिकेतही मोठ्या परवाना रकमांमुळे लहान निर्माते स्पर्धेबाहेर राहतात, आणि मालिकांत स्पर्धा उरली नाही की नवे प्रयोगही मंदावतात. तरीही यादीतील शेवटच्या खेळाडूला त्याचे नाव व वाटा देणारी दुसरी व्यवस्था अद्याप दृष्टिपथात नाही. कबड्डी व खो-खो हे आपले खेळ पडद्यावर येऊ लागले असताना त्या खेळाडूंचे संघटन आधीच उभे राहणे इष्ट आहे. क्रीडा, विधी व संगणक या विभागांच्या अध्यापकांनी या प्रश्नाचा एकत्रित अभ्यास हाती घ्यावा, अशी अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते.