हृदयगती आणि विधिसंघर्षग्रस्त बालकांतील आक्रमकता : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
विश्रांतीच्या अवस्थेतील मंद हृदयगती आणि समाजविघातक वर्तन यांचा संबंध गुन्हेमानसशास्त्रात वारंवार आढळून आला आहे. एड्रियन रेन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मॉरिशसमधील अभ्यासात (1997) तिसऱ्या वर्षी हृदयगती मंद असलेली मुले अकराव्या वर्षी तुलनेने अधिक आक्रमक आढळली. काही संशोधक याचे कारण भीतीच्या अभावात शोधतात, तर काही उत्तेजनाच्या ओढीत. ही निरीक्षणे मोलाची आहेत. तथापि, त्यांच्या आधारे एखाद्या विशिष्ट मुलाविषयी निर्णय देता येईल काय, याची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन :
हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 15 नुसार, 16 वर्षे पूर्ण झालेल्या बालकावर किमान 7 वर्षे कारावासाच्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करते. त्यावरून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा किंवा कसे, हे ठरते. अशा वेळी नाडीचा आकडा वस्तुनिष्ठ पुरावा म्हणून पुढे येण्याचा मोह संभवतो.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेला स्वीडनमधील अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात 7 लाखांहून अधिक तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्वांत मंद हृदयगतीच्या गटात हिंसक गुन्ह्यांची जोखीम सर्वांत जलद गटापेक्षा 39 टक्के अधिक आढळली. परंतु ही तुलना गटांची आहे. मंद गतीच्या गटातही बहुसंख्य तरुणांकडून हिंसक गुन्हा घडलेला नव्हता. शिवाय याच गटात अपघाताने जखमी होण्याचे व हल्ल्यास बळी पडण्याचे प्रमाणही अधिक होते. म्हणजे हे लक्षण आक्रमकतेचेच निदर्शक मानता येत नाही.

कोल्हापुरात याचा पडताळा सहज येतो. तालमीत नित्यनेमाने जोर, बैठका व धावण्याचा सराव करणाऱ्या मल्लाची नाडी व्यायामानेच मंद होऊ शकते. स्वीडिश अभ्यासकांनी शारीरिक क्षमतेचा हिशेब घेतल्यावरही गटातील संबंध टिकून राहिला, हे मान्य करावे लागेल; परंतु समोर बसलेल्या एका मुलाची नाडी कशामुळे मंद आहे, हे तो आकडा सांगत नाही.

शरीराच्या किंवा जन्माच्या खुणेवरून गुन्हेगार ठरविण्याचा इतिहास याच भूमीने अनुभवला आहे. 1871 च्या कायद्याने ब्रिटिश राजवटीत काही जमाती जन्मतःच गुन्हेगार मानल्या गेल्या. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये करवीर संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना कामधंदा मिळवून दिला. माणसाचे वर्तन परिस्थिती बदलून बदलता येते, हा विश्वास त्यामागे होता.

निष्कर्ष :
मंद हृदयगती हा गटाच्या पातळीवरील संशोधनाचा विषय आहे, व्यक्तीविरुद्धचा पुरावा नव्हे. कोणत्या मुलांना लवकर आधार द्यावा, याच्या अभ्यासात तिचा उपयोग होऊ शकेल. मात्र कोणाला प्रौढ ठरवावे, यासाठी तिचा वापर शास्त्रीय ठरत नाही. मंडळाने मुलाचे घर, शाळा आणि सोबत यांचीच सखोल चौकशी करणे न्यायोचित होय. जन्माच्या जागी नाडी आली, तरी मूळ चूक तीच राहते.