तुरुंगसाहित्य आणि तुरुंगातला आजारी माणूस

मराठी समीक्षेने तुरुंगाला तपोभूमी मानले. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयात मी हे शिकवतो, तेव्हा लेखकाची प्रतिभा भिंती ओलांडून कशी गेली एवढेच प्रश्नपत्रिका विचारते. शेजारच्या बराकीत खोकणाऱ्याचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. तो पारधी असेल, मांग-महार असेल. त्याच्यापाशी लेखणी नव्हती आणि जामीनदारही नव्हता.

कोरोनाने हे मौन उघडे पाडले. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितले. त्या वर्षी देशातल्या दर चार कैद्यांत तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. महाराष्ट्राच्या समितीने मात्र विशेष कायद्यांखालील आरोपी वगळले. रोग काय आरोपीचे कलम वाचून शिरतो? कंपवाताने हात थरथरणाऱ्या स्टॅन स्वामींना तळोजा तुरुंगात पाणी पिण्याच्या नळीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा निकाल लागण्याआधीच, ते मुंबईच्या इस्पितळात वारले.

तुरुंगातला उपचार ही सरकारची मेहेरबानी नव्हे. प्रत्येक तुरुंगात इस्पितळ वा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी, साथ आली तर कैद्यांची तात्पुरत्या तुरुंगात सोय करावी, हे इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्यातही होते. पुढे घटनेच्या २१व्या कलमाने जीविताचे रक्षण ‘व्यक्ती’ला दिले, फक्त नागरिकाला नव्हे, निर्दोषाला नव्हे. हा एक शब्द आमच्या वाङ्मयाच्या वर्गात शिकवला गेला पाहिजे. तुरुंगात माणसाची जात मात्र कधीच विसरली गेली नाही. अनेक राज्यांच्या नियमावल्यांतली जातवार कामवाटणी रद्द व्हायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

आपल्या लेखनातही पोलिसांचा मार येतो, तुरुंगाचा दवाखाना क्वचितच येतो. ही उणीव सौंदर्यशास्त्राची नाही, बांधिलकीची आहे. कोठडीतल्या प्रत्येकाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तेव्हा शिकलेल्यांनी त्या आजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा. त्यात त्याचे दुखणे, तारीख आणि न मिळालेले औषध नोंदवावे. मराठी तुरुंगसाहित्यात ज्याला आजवर जागा नव्हती, त्याचे पहिले पान तिथून सुरू होईल.