कामाचे वाटप आणि कामाचा स्वीकार

यंत्राने काम करावे याचे नवल आता उरलेले नाही. परंतु कोणते काम कोणी करावे हेही यंत्राने ठरवावे, या गोष्टीचा विचार पुरेशा गांभीर्याने झालेला दिसत नाही. सॉफ्टवेअर घडविणाऱ्या संस्थांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ आता कामांच्या नोंदवहीत हात घालू लागले आहेत. एक स्प्रिंट संपून दुसरा सुरू होताना अपुरी राहिलेली कामे ते वाचतात, कोणावर किती भार आहे हे मोजतात, कामावरील नाव बदलतात आणि ते काम पुढील स्प्रिंटमध्ये दाखल करतात. अशा साधनांच्या गुणदोषांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ज्या पद्धतीत ही साधने शिरली, तिचे मर्म प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा जणांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा सिद्ध केला. प्रक्रिया व साधने यांच्यापेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद यांस अधिक मोल द्यावे, हे त्याचे पहिले तत्त्व होय. केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनी 1995 मध्ये मांडलेल्या स्क्रम पद्धतीची मार्गदर्शिका 2020 मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली. तीत दोन नियम स्पष्ट आहेत. कोणी, काय, केव्हा व कसे करावे हे संघाने आपसांत ठरवावयाचे. आणि पूर्ण न झालेले काम पुनर्विचारासाठी मूळ यादीत परत जावयाचे. पहिल्या नियमात स्वीकाराचा अधिकार आहे, तर दुसऱ्यात थांबून विचार करण्याची सक्ती आहे.

जिरासारखे प्रचलित साधनही स्प्रिंट बंद करताना उरलेली कामे कोठे न्यावयाची, असा प्रश्न विचारते. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. तथापि त्यात एक विराम आहे. एजंटांचे वैशिष्ट्य हे की, ते हा प्रश्नच नाहीसा करतात. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलसारख्या संकेतांमुळे भाषिक प्रतिमानांना बाह्य साधनांशी जोडणे सुलभ झाले असून नोंदी वाचणे व बदलणे या दोन्ही क्रिया एकाच हाती आल्या आहेत.

या साधनांचे गुण नाकारण्याचे कारण नाही. शेकडो नोंदींत विसरलेले काम शोधणे, एक काम दुसऱ्यावर अवलंबून आहे हे दाखविणे, एकाच व्यक्तीवर साचलेला भार उघड करणे, ही कामे यंत्र न कंटाळता करते. दोष आहे तो पुढच्या पायरीवर. समजा, एका अभियंत्याचे काम पाच दिवस हललेले नाही, कारण दुसऱ्या विभागाची अनुमती यावयाची आहे. ही गोष्ट बोलण्यात आलेली आहे, नोंदीत नाही. एजंटाला केवळ स्तब्धता दिसते. तो काम दुसऱ्याच्या नावे करतो, आणि दुसरा ते मुळापासून समजून घेऊ लागतो. रखडलेल्या प्रकल्पावर माणसे वाढविली तर तो अधिकच रखडतो, असे फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये सांगितले. नव्या माणसास शिकविण्याचा खर्च हे त्यांनी दिलेले एक प्रमुख कारण येथेही लागू पडते. शिवाय, काम का अडले हा प्रश्न सिंहावलोकनाच्या बैठकीपर्यंत पोहोचतच नाही. अपुरे काम ही संघाच्या अडचणीची साक्ष असते. नाव बदलताच ती साक्ष पुसली जाते.

येथे कोणी म्हणेल की, काम करणारेही एजंटच असतील तेव्हा ही हरकत उरणार नाही. इतिहास मात्र वेगळे सांगतो. रीड स्मिथ यांनी 1980 मध्ये मांडलेल्या ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ योजनेत काम यंत्रांमध्येच वाटावयाचे होते. तरीही तीत प्रथम कामाची घोषणा होई, प्रत्येक घटक आपले सामर्थ्य पाहून बोली लावी आणि मग काम सोपविले जाई. निवड उभयपक्षी होती. स्वतःची कुवत कर्त्यासच अधिक ठाऊक असते, हे तत्त्व त्या योजनेने यंत्रांच्या बाबतीतही मानले. मग माणसांच्या बाबतीत ते सोडून देणे ही प्रगती कशी म्हणावी?

आपल्या ग्रामजीवनात इर्जिक आणि वेठ असे दोन शब्द आहेत. दोहोंत नांगर तोच, बैल तेच आणि घामही तोच. इर्जिकीला मनुष्य आपण होऊन जातो. वेठीला त्याला धरून नेतात. स्वीकार आणि वाटप यांतील अंतर याहून नेमके सांगता येणार नाही.

सबब, अशा साधनाची परीक्षा त्याने किती कामे हलविली यावरून करू नये. ते फेरवाटप सुचविते की परस्पर करते, कारण नोंदविते की नाही, आणि ज्याच्या नावे काम जावयाचे त्यास ‘नाही’ म्हणण्याची जागा ठेविते की नाही, या तीन कसोट्या लावाव्यात. नकाराची सोय नसलेल्या व्यवस्थेत काम चुकले असता जबाबदार कोण, या प्रश्नास उत्तर राहत नाही. कारण जे कोणी स्वीकारलेच नव्हते, त्याचा जाब कोणास विचारावयाचा?